कडेची चाल

घाटाखालून बोगदा निघाला आणि वरच्या वस्त्यांचं सगळं सामान ट्रकनं जायला लागलं. मग घाटवाटेवर मीठ राहिलं नाही, सिमेंट राहिलं नाही, गॅसच्या टाक्याही राहिल्या नाहीत. आजोबा-पणजोबांपासून ओझी वाहत आलेल्या त्या घरातली माणसं दारात बसून लांबचा डांबरी रस्ता बघायला लागली. गोठ्यातली खेचरं एकेक करून विकली गेली. शेवटी एकटी मावशी उरली.

मावशी हे खेचराचं नाव. सून लग्न होऊन आली त्याच्या आधीपासून मावशी घरात होती, म्हणून मान तिचा मोठा, असं सासरा म्हणायचा. सकाळी आधी मावशीला पाणी, मग माणसांना चहा. पहिल्या वर्षी सुनेनं यावरून तोंड वाकडं केलं होतं. आता मावशीनं बादलीतून तोंड काढल्याशिवाय तिचाही हात कपाकडे जात नसे.

नवरा दगडाच्या खाणीवर लागला होता, पण तिथं कापलेल्या दगडाची एक चीप घसरून त्याच्या गुडघ्यावर आली. हाड जुळलं ते वाकडं. खाणीनं त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला, आणि तो घरी बसून मावशीची खोगिरं उसवायचा आणि पुन्हा शिवायचा. बोलायचा कमी. बोलला तर एकच, की ही पण आता विकावी लागणार, आणि मग आपण शहरात जाऊन कुणाच्या तरी बांधकामावर पडायचं. सुनेला बांधकामाची भीती वाटायची. तिची बहीण तशीच गेली होती आणि तिचा पत्ता अजून नीट लागला नव्हता.

अशात पर्यटन खात्याची मॅडम आली. पायात जाड बूट, डोक्याला टोपी, सोबत एक फोटोवाला. जुन्या व्यापारी वाटांचा विकास करायचा आहे, ती म्हणाली. याच वाटेनं एके काळी समुद्राकडचं मीठ वर जायचं आणि वरचं धान्य खाली यायचं. लोकांना ते बघायचं आहे, तसं चालायचं आहे, खेचरावर बसून घाट चढायचा आहे.

"खेचरावर बसून?" सासऱ्यानं विचारलं. "बाई, ओझ्याच्या जनावरावर माणूस बसत नाही. आमचा आजा मेला तेव्हा त्यालासुद्धा पाठीवर घालून नेला नव्हता."

"आता बसायचं, बाबा," मॅडम हसून म्हणाली. "काळ बदलला."

"मग मावशीला विचारावं लागेल," सासरा म्हणाला.

मावशीला विचारण्यासारखंच होतं. ओझ्याचं खेचर कधी डोंगराच्या बाजूनं चालत नाही. दोन्ही अंगांना फुगलेल्या गोण्या लोंबत असतात, आतली गोणी कातळाला घासली की जनावर धक्का खाऊन दरीकडे फेकलं जातं. एकदा तसा धक्का बसला की ते शहाणं होतं आणि जन्मभर वाटेच्या कडेनं, दरीवरून चालतं. मावशीला ही चाल सासऱ्यानंच शिकवली होती आणि त्याला तिचा अभिमान होता. तिचा खूर कडेच्या दगडावर वीतभर आत पडायचा, त्याहून कमी नाही, जास्त नाही. गोणी दरीवर लोंबायची. गोणीला काही दरीची भीती नसते. माणूस वर बसवायचा तर गोष्ट वेगळी.

म्हणून त्यांनी तिची चाल मोडायला घेतली. नुसतं खोगीर घालून तिला रोज घाटात न्यायचं. सासरा काठी घेऊन दरीच्या बाजूनं चालायचा, ती कडेला सरकली की काठीचं टोक बरगडीला लावायचा. सून पुढं दोर धरून. सुरुवातीला मावशी ऐकेना. मग कान पाडून का होईना, ती कातळाच्या बाजूनं चालायला लागली. शेवटी काठीचीही गरज उरली नाही.

"म्हातारपणी शाळेत घातली तिला," सासरा म्हणाला. "पण पास झाली."

मॅडम पुन्हा आली तेव्हा तिनं अट सांगितली. पाहुणे बसवायच्या आधी घरचं कुणीतरी बसवून घाट चढवून दाखवायचा. सगळं नीट झालं तर ठेका यांचाच. "आणि दिसायला जुन्या काळासारखं दिसलं पाहिजे," ती जाता जाता म्हणाली. "नुसतं खेचर काय, कुठंही बघायला मिळतं."

कुणाला बसवायचं यावर घरात फार चर्चा झाली नाही. पहिल्यांदा हलकं माणूस बरं, सासरा म्हणाला. सुनेची मुलगी, बारकी, टुणकन उडी मारून म्हणाली, "मी." ती पहिलीत होती आणि मावशीच्या पायांखालून जायची तिला भीती वाटत नसे. सुनेला आधी नको वाटलं. पण मावशी आता आतून चालते हे तिनं स्वतः रोज पाहिलं होतं, दोर तिच्याच हातात होता. तिनं मान डोलावली.

जुन्या काळासारखं दिसण्याचं काम तिनंच अंगावर घेतलं. माळ्यावरून जुन्या गोण्या काढल्या, उन्हात झटकल्या, उंदरांनी कुरतडलेल्या जागी ठिगळं लावली. कडेनं लाल दोऱ्याची वेलबुट्टी घातली. आत पेंढा भरला, चांगला दाबून, म्हणजे मिठानं भरल्यासारख्या दिसतील. किती तरी महिन्यांनी हाताला काम होतं आणि कुणीतरी ते बघणार होतं. सासऱ्यानं गोण्यांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "माझ्या आईनंतर अशी शिवण कुणाची बघितली नव्हती." ती लाजली. घरात कुणाच्याही मनात दुसरं काही आलं नाही.

त्या सकाळी आभाळ स्वच्छ होतं आणि वारा होता. मॅडम, फोटोवाला आणि नवरा आधीच वर गेले, खिंडीत पोचतानाचे फोटो घ्यायचे म्हणून. सासरा पायथ्याला थांबला, खिंडीपर्यंतचा सगळा चढ त्याला आता झेपत नव्हता. त्यानं खोगिराचा तंग आवळला, गोण्यांच्या गाठी ओढून बघितल्या, बारकीला वर बसवलं.

"मावशी, पोर सांभाळ," तो म्हणाला.

खालची वाट रुंद होती. दोन्हीकडे झुडपं. सून दोर धरून पुढं चालली होती आणि मागं बारकीची बडबड चालू होती. पहिलं वळण गेलं, झुडपं संपली, डाव्या हाताला कातळ उभा राहिला आणि उजव्या हाताला काही नाही. इथून वाट अरुंद होत जाते. हातातला दोर उजवीकडे ओढला गेला तसं तिनं मागं वळून पाहिलं.

मावशी कडेनं चालत होती.

उजवी गोणी दरीवर लोंबत होती. तिच्याहून जरा वर, खोगिराच्या त्याच अंगाला बारकीचा उघडा पाय लोंबत होता.

 त्याच क्षणी सुनेला कळलं की हे आपण केलं आहे. अंगाला गोण्या लागल्या आणि मावशीला आठवलं की आपण काय आहोत. इतक्या दिवसांची काठी, सगळी शिकवणी, त्या पेंढ्याच्या दोन गोण्यांनी पुसून टाकली. तिला ओरडावंसं वाटलं, पण ओरडून जनावर बुजलं असतं.

थांबवता येत नव्हतं. अरुंद वाटेवर खेचर थांबवलं की ते मागं वळून बघतं, आणि वळायला तिथं जागा नव्हती. पोरीला उतरवताही येत नव्हतं. आतल्या बाजूला गोणी आणि कातळ यांच्यामध्ये माणूस मावत नव्हता, बाहेरच्या बाजूला पाय ठेवायला वीतभर दगड.

"आई, खालच्या गाड्या बघ, केवढ्याशा," बारकी म्हणाली आणि वाकली.

"खाली बघू नकोस."

"का?"

"मावशीचे कान बघ. कोणता कान हलतो ते मला सांग. एकही चुकवायचा नाही."

"उजवा."

"शाबास. दोन्ही हात खोगिराच्या कडीत घाल आणि सांगत राहा."

पुढं कडेचा एक दगड दरीकडे जरा बाहेर आलेला होता. तिथं ती दोर सैल सोडून मागं झाली आणि मावशीच्या बाहेरच्या अंगाला शिरली. गोणीखाली खांदा लावला आणि सगळ्या अंगानं आत ढकललं. मावशी फुरफुरली. तिला हे आवडलं नाही. पण एक पाऊल आत पडलं, मग दुसरं. तिसऱ्याला ती पुन्हा बाहेर रेलली आणि सुनेची टाच दगडावरून अर्धी सुटली. पेंढा कानाशी कुरकुरत होता. तिनं गोणीची शिवण पकडली, स्वतःच घातलेली, आणि देवाचं नाव घ्यायचं सोडून ती शिवण धरो एवढंच मनात म्हणत राहिली.

"डावा हलला. आता परत डावा. आई, तू कुठं गेलीस?"

"इथंच आहे. सांगत राहा."

"तू दिसत नाहीस."

"गोणीच्या मागं आहे. लपाछपी."

बारकी हसली आणि हसताना खोगिरावर हलली. सुनेनं डोळे मिटले आणि लगेच उघडले. डोळे मिटून चालायची ती जागा नव्हती. तिला आपण पडू याची भीती होतीच, अंग गार पडण्याइतकी होती. पण आपण पडलो तर मावशीला आत ढकलणारं कुणी राहणार नाही, ही त्याहून मोठी होती. खांदा बधिर झाला. घाम डोळ्यांत उतरला तो पुसायला हात मोकळा नव्हता. वाट संपत नव्हती. आयुष्यभर ये-जा केलेली वाट, पण ती इतकी लांब असेल असं तिला वाटलं नव्हतं.

खिंडीत पोचल्यावर वाट फाकली तरी ती गोणीखालून निघेना. फोटोवाल्यानं बरेच फोटो घेतले होते. मॅडम टाळ्या वाजवत होती. नवरा लंगडत पुढं आला आणि बायकोचा चेहरा बघून थांबला. मग त्यानं गोण्यांकडे पाहिलं, वाटेच्या कडेकडे पाहिलं. त्याला कळलं. ओझ्याच्या घरातला माणूस, त्याला सांगावं लागलं नाही.

तिनं बारकीला उतरवलं आणि सरळ मॅडमपुढं जाऊन उभी राहिली.

"मॅडम, गोण्या घातल्या की ही कडेनं चालते. जुनी सवय आहे. पोर मरता मरता वाचली. गोण्या नाही घालायच्या."

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "खरं आहे का हे?"

नवऱ्यानं मान खाली घातली. मावशीच्या नालांकडे बघत तो म्हणाला, "नाही हो, मॅडम. तसं काही नाही. बाईमाणूस आहे, दरी बघून घाबरली."

सून नवऱ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत त्यानं तिला कधी चारचौघांत खोटं पाडलं नव्हतं.

"बाईमाणूस तर मीही आहे," मॅडम म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मग असं करा. उतरताना तुम्ही बसा."

"मी?"

"तुम्हीच. भीती नाही ना?"

तो नाही म्हणूच शकत नव्हता. वाकडा गुडघा हातानं उचलून तो खोगिरावर चढला. बारकीला मॅडमनं हाताशी धरलं, कातळाच्या बाजूनं. सगळे मावशीच्या मागं चालायला लागले. मावशी निमूटपणे कडेला गेली, जणू तिला कुणी बोलावलं होतं.

सुनेनं ठरवलं होतं की आपण मागं राहायचं. बघू दे त्याला. ती चार पावलं मागं राहिलीसुद्धा. मग मावशीचा मागचा खूर घसरला आणि कडेचा एक दगड सुटला. तो गेला, आणि खाली कुठं आपटल्याचा आवाज येईना. नवऱ्याची मान ताठ झाली. तो मागं वळून बघतही नव्हता, वळलो तर तोल जाईल म्हणून. ती धावत गेली आणि गोणीखाली शिरली.

त्याची मांडी तिच्या डोक्याला लागत होती.

"अगं," तो अगदी हळू म्हणाला.

"हं."

"सोडू नकोस."

"नाही सोडत. तुम्ही सांगा त्यांना. मागंच आहेत त्या."

वळणावर तो पुन्हा म्हणाला, "सोडू नकोस हं," आणि त्याचा आवाज बारकीएवढा झाला होता. तेवढंच. सांगितलं मात्र नाही.

पायथ्याला सासऱ्यानं लगाम धरला. नवरा उतरला तेव्हा त्याची विजार मांडीपर्यंत ओली होती. सुनेनं ते आधी पाहिलं. बादली उचलली आणि मावशीला पाणी घालते आहे असं दाखवत अर्धं पाणी त्याच्या पायांवर सांडलं.

"अरे, बघून," सासरा म्हणाला. मग मुलाच्या तोंडाकडे पाहून त्यानं मावशीचा तंग सोडायला घेतला.

मॅडम उतरून आली. तिला मागून फक्त खेचर आणि बाजूनं चालणारी बाई दिसली होती. "उतरली की नीट," ती म्हणाली. "तुम्ही बाजूनं आधार देता ते छान आहे. रोज तसंच चालत जा. गोण्या मात्र हव्यातच, त्याशिवाय फोटो खरा वाटत नाही. उद्या पहिले पाहुणे पाठवते."

"पोरीला नाही बसवणार," नवरा एकदम म्हणाला.

"तुमच्या पोरीला कशाला? पाहुणे बसतील."

दिवेलागणीला चुलीपाशी तिनं विचारलं, "वर मॅडमसमोर तसं का म्हणालात?"

"दुसरं काय म्हणणार होतो? गोण्या नाहीत तर ठेका नाही, ठेका नाही तर मावशी जाणार. मावशी गेली की आपणही गेलो."

"उद्या वर दुसऱ्याची पोर असेल."

"तू असशील ना बाजूला."

"आणि माझा पाय सुटला तर?"

त्यानं चुलीतलं लाकूड आत सारलं. तिला त्याचा राग आला होता, पण रागापेक्षा भीती जास्त होती, आणि त्याच्याजवळ ती ठेवायला जागा नव्हती कारण तो स्वतः भ्यायलेला होता. सासरा दाराशी पाठ करून बसला होता. "चाल मीच शिकवली," एवढंच तो म्हणाला.

सकाळी पाहुणे आले. नवरा-बायको आणि त्यांची मुलगी, बारकीहून थोडी मोठी, डोक्यात पिवळी रिबन. फोटोवाला सोबत होता. मुलगी मावशीला हात लावायला घाबरत होती, मग तिनं लावला आणि आईकडे बघून हसली. सासऱ्यानं तिला खोगिरावर बसवलं. गोण्यांवरची लाल वेलबुट्टी उन्हात छान दिसत होती. मुलीच्या बापानं तसं म्हटलंही.

मुलीची आई वरच्या कड्यावरून जाणाऱ्या वाटेकडे बघत होती. ती सुनेजवळ आली. "पडायची भीती नाही ना हो?"

"नाही हो, बाई," नवरा मध्येच म्हणाला. "आमचं रोजचं आहे."

"मी यांना विचारतेय," ती बाई म्हणाली. तिचा हात मुलीच्या घोट्यावर होता. तो तिनं सोडला नव्हता.

भीती नाही म्हटलं तर घर राहणार होतं. सुनेनं त्या घोट्याकडे पाहिलं, मग वर मुलीकडे. मग तिनं वाकून डाव्या गोणीची गाठ सोडली. गोणी धपकन वाटेवर पडली आणि फाटक्या ठिगळातून पेंढा बाहेर आला. मावशीनं अंग झटकलं.

"अहो, हे काय करताय?" फोटोवाला म्हणाला. "मॅडमनी सांगितलंय गोण्या हव्यात."

"गोण्या घातल्या तर आहे भीती," सुनेनं त्या बाईला सांगितलं. "काढल्या की नाही."

फोटोवाल्यानं खिशातून फोन काढला आणि बाजूला जाऊन बोलायला लागला. उजव्या गोणीची गाठ पलीकडे होती. ती वळसा घालून तिकडे जाणार तोच नवरा लंगडत पुढं झाला. ती थांबली. आता हा पडलेली गोणी उचलून परत बांधणार, असं तिला वाटलं, आणि तिनं दोर घट्ट धरला. तो पलीकडे गेला. गाठ घट्ट बसली होती, सुटेना. मग त्यानं ती दातांनी सोडली.

त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला. सासऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं, फोटोवाल्यानंही पाहिलं.

"मॅडम असतील," सून म्हणाली.

"वाजू दे," तो म्हणाला, आणि मुलीचा पाय खोगिरात नीट बसवायला वाकला.